मी घरात होतो, पाळकसाहेब

फोन आला तेव्हा मी कर्वेनगरच्या घरी चहा पीत होतो. ‘आपले रणपिसे पाळकसाहेब गेले,’ सरोज, माझी बायको, म्हणाली. मग माझ्याकडे बघून, ‘आता कुणापासून लपणार?’ फटकळच आहे ती, पण बोलता बोलता तिलाच रडू कोसळलं. मला तर रडायचाही हक्क उरला नव्हता.

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. आदल्या शनिवारी साहेब स्कूटर काढायचे आणि ज्याचं कुणाशी बिनसलंय त्याच्या घरी जाऊन बसायचे. उपदेश नाही, काही नाही. चहा, गुडघेदुखी, मुलांच्या नोकऱ्या... भांडणाचा विषय घरच्यांनीच काढायचा. ‘मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजापाशी यायचं नाही,’ म्हणायचे, ‘पाळकानं तर नाहीच नाही.’ कसबा पेठेतल्या दोन सख्ख्या भावांकडे ते असे सहा महिने जात होते. सातव्या महिन्यात ते भाऊ एका बाकावर बसले.

माझं बिनसलं ते वेळेवरून. सकाळी आठची वेळ साहेबांनी आयटीतल्या तरुणांच्या गिटारवाल्या उपासनेला दिली आणि आमची मराठी उपासना साडेदहाला ढकलली. तीस वर्षं पेटी वाजवतोय मी! भर सभेत उठून म्हणालो, ‘आम्ही जुनी माणसं तुम्हाला आता नकोशी झालोय.’ त्यांचा चेहरा पडला. पुढच्या शनिवारी संध्याकाळी दारात स्कूटर थांबली. ‘घरी नाहीत म्हणून सांग,’ असं सरोजला बजावून मी बाथरूममध्ये शिरलो. साहेब बसले की हो पाऊण तास! मी आत उपड्या बादलीवर, घामाघूम, खोकला दाबून. निघताना आवाज चढवून म्हणाले, ‘विल्सनराव आले की सांगा, माझं काय चुकलं ते ऐकायला आलो होतो. आणि ओल्यात फार वेळ बसू नका म्हणावं, सर्दी होते.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी कडी काढली नाही. पुढच्या महिन्यात येतीलच की, म्हटलं... त्याच आठवड्यात ते गेले.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी रणपिसेबाईंकडे गेलो. म्हणालो, ‘बाई, त्या दिवशी मी घरात होतो.’

‘माहीत होतं त्यांना. हसत हसतच घरी आले होते.’

‘मला क्षमा करा.’

‘अहो, ते रागावलेच नव्हते. मग मी कसली क्षमा करू?’

त्यांना वाटलं, त्यांनी मला मोकळं केलं. माझी तर उरलीसुरली वाटही बंद झाली. परवाच्या प्रभुभोजनात भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच पुढे सरकवलं.

नवे पाळक येईपर्यंत मंडळीनं हे भेटींचं काम माझ्यावर सोपवलंय. दर शनिवारी रुसलेल्यांच्या घरी जाऊन बसतो. गिटारवाल्या पोरांकडेही जाऊन आलो, माफी मागून आलो. लोक कौतुक करतात, ‘विल्सनराव, साहेबांचा वसा छान चालवताय हं.’ कसला वसा अन् कसलं काय... शनिवारी संध्याकाळी मला माझ्या घरात बसवत नाही.