बटणं लावून दाखवा

पेशंट मान धरून आत आला की आमच्या डॉक्टरीणबाई आधी म्हणायच्या, "बसा हो निवांत. मान कुठे पळून जात नाही."

दिवेआगरातल्या त्यांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी सहा वर्षं केसपेपर लिहीत होते. गप्पांतून त्या सगळं काढून घ्यायच्या. कळ हातात उतरते का? बोटांना मुंग्या येतात? उशा किती घेता? एका मावशींनी चार सांगितल्या. "मावशी, तुम्ही झोपता की बसता?" सगळा दवाखाना हसला. मावशीही हसल्या, पण मान धरून. मग कुठे बाई उठायच्या, मान हळूहळू दोन्हीकडे वळवायला लावायच्या आणि हातांतली ताकद बघायच्या.

एकदा नारळ-सुपारी काढणारे एक काका आले. साठीला टेकलेले, तोऱ्यातले. "मान धरलीय. जरा कडकन मोडून द्या, म्हंजे झालं."

बाईंनी मानेला हातही लावला नाही. "काका, शर्टाची बटणं काढा आणि परत लावून दाखवा."

लावताना काकांची बोटं तिसऱ्याच बटणाशी अडकली. मग बाईंनी त्यांना पावलाला पाऊल जोडून सरळ रेषेत चालायला सांगितलं. माडावर सरसर चढणारा हा माणूस सपाट फरशीवर झोकांडला. मला हसू येत होतं. बाईंचा चेहरा पाहिला आणि ते विरलं. तुमचंही विरलं असतं.

"हे नुसतं मान धरणं नाही काका. आत मज्जारज्जूवर दाब येत असावा. उद्याच मुंबईला जायचं, एमआरआय करायचा. तोवर मालीश बंद, माड बंद."

"माड बंद? मंग मी करू काय?"

"माझ्यावर चिडा," बाई त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पण जा."

काका चिडले, पण गेले. बाईंचा अंदाज खरा निघाला. ऑपरेशन झालं. पुढे पाच महिने बाईंनी त्यांच्याकडून रोज व्यायाम करून घेतला. एका सकाळी काका नवा शर्ट घालून आले आणि सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी वरपासून खालपर्यंत सातही बटणं लावली. बाकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र आमच्याकडे पाठ करून उगाचच कपाट आवरत राहिल्या.

काका पुन्हा माडावर चढले नाहीत. घरामागे त्यांनी रोपं करायला घेतली.

गेल्या वर्षी बाई कायमच्या पुण्याला, मुलीकडे गेल्या. निघायच्या वेळी काका नारळाचं रोप घेऊन हजर.

"अहो, चौथ्या मजल्यावर मी हे लावू कुठे?"

"येवढ्या लोकांच्या माना सरळ केल्यात, येक माड न्हाय सरळ वाढवता येनार?"

बाईंनी रोप मांडीवर घेतलं. गाडी सुटली. त्या हात हलवत असाव्यात. आम्हाला खिडकीबाहेर हलणारी हिरवी पातीच तेवढी दिसत होती.