दोन कोन

या ग्रुपवरचे अनुभव मी दीड वर्ष वाचतेय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर माझा विश्वास बसत नाही. आमचं बौद्ध घर, ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या चाळीतलं. नवस, नजर, अंगात येणं... काहीच नाही. पप्पा म्हणायचे, तपासल्याशिवाय काही मानायचं नाही. मी सर्व्हेअर झाले. जमीन मोजते, इमारती मोजते. त्यामुळे हे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. चिडून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. बाळकुमला खाडीच्या काठी एका कॉम्प्लेक्सचं काम चालू होतं. सकाळचे पावणेअकरा, आकाश स्वच्छ. काठावर आमचे दोन पक्के पॉइंट, मध्ये अंतर चारशे बारा मीटर. एकावर मी, दुसऱ्यावर नरेशदादा. दोघांकडे टोटल स्टेशन — म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं दुर्बीण बसवलेलं यंत्र. दादा तिथल्याच कोळीवाड्यातले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. हे यंत्र लावायला मला त्यांनीच शिकवलेलं.

दुर्बीण फिरवताना मला खाडीवर ते दिसलं. करडं, उभट, औषधाच्या कॅप्सूलसारखं. पंख नाहीत, दोरी नाही, आवाज नाही. खाली घारी वाऱ्यावर हेलकावत होत्या, हे जराही हलत नव्हतं. मी दादांना फोन लावला.

"दादा, खाडीवर बघा. विजेच्या टॉवरच्या डावीकडे, वर."

त्यांनी दुर्बीण फिरवली. मग म्हणाले, "दिसलं."

"कोन घ्या. मी एक-दोन-तीन म्हणते, तीनला दोघांनी."

एका जागेवरून बघितलं की नुसती दिशा कळते. वस्तू लांब आणि मोठी आहे की जवळ आणि छोटी, ते कळत नाही. आकाशात काही दिसलं म्हणणाऱ्या सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. पण दोन जागांवरून एकाच क्षणी कोन मिळाले, तर ती कुठे आहे ते साध्या गणितात निघतं. आम्ही तीनदा घेतले. पहिली दोन रीडिंग सारखी. आकडा वहीत लिहायला मी मान खाली घातली, पाच-सहा सेकंद असतील... वर बघते तर ते भलतीकडेच, तसंच थांबलेलं. तिसरं रीडिंग तिथलं. त्यानंतर दुर्बिणीत फक्त आकाश. गेलं असं म्हणवत नाही, कारण जाताना दिसलंच नाही.

दादांनी त्यांचे कोन फोनवर सांगितले, मी वहीत उतरवले. मग दोघांनी टपरीवर बसून गणित केलं. आधी सव्वादोन किलोमीटर, तिसऱ्या वेळी साडेचार. पुन्हा केलं, तेच. फुगा असा थांबत नाही, ड्रोन इतकं पळत नाही. मी घाबरले नव्हते. पहिली नोकरी लागली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. दादा मात्र चहा तसाच ठेवून उठले.

एका संशोधन संस्थेतल्या प्राध्यापकांना मी सगळं लिहून पाठवलं. वाटलं, उत्तर येणार नाही. आलं, आणि चांगलं आलं. त्यांनी लिहिलेलं, दुसऱ्या यंत्रातली मूळ फाइल पाठवा. नाहीतर दोन्ही बाजूंचे आकडे एकाच हस्ताक्षरात आहेत, याला पुरावा म्हणता येणार नाही. बरोबर होतं त्यांचं. मीसुद्धा हेच म्हटलं असतं.

ऑफिसमध्ये दादांचं यंत्र उघडलं. त्या दिवसाची बाकी सगळी रीडिंग होती. ती तीन नव्हती.

गोष्ट साहेबांपर्यंत गेली. त्यांनी दोघांना बोलावलं.

"नरेश, तू काय पाहिलंस?"

"काही नाही साहेब. ही म्हणाली म्हणून दुर्बीण फिरवली."

साहेब हसले. तेव्हापासून ऑफिसात मी 'एलियन मॅडम'.

मी दादांना जिन्यात गाठलं. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "माझा बाप होडी घेऊन जायचा. एकदा भर दुपारी त्याने खाडीवर असंच काहीतरी पाहिलं, आणि येऊन सांगितलं सगळ्यांना. मरेपर्यंत लोक खुळा म्हणाले त्याला. माझ्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं त्यावरून. आता माझी मुलगी लग्नाची आहे, सुजाता."

"दादा, तुमचे वडील खोटं बोलत नव्हते, हे दाखवायची फाइल होती ती."

ते खाली उतरून गेले.

मागच्या महिन्यात ते रिटायर झाले. माजिवड्याच्या एका हॉलमध्ये जेवण होतं. निघताना माझ्याजवळ आले, आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, "तिसऱ्या वेळी ते किती लांब होतं गं?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

आठवत होतं. मीटरपर्यंत आठवत होतं. त्यांनी मान हलवली, नारळ आणि शाल सांभाळत रिक्षा शोधायला गेले. मी थांबवलं नाही.

ते काय होतं, मला आजही माहीत नाही. कुणी छातीठोक सांगितलं तरी मी मानणार नाही, कारण तपासायला आता काही उरलेलं नाही. एका वहीत सहा कोन आहेत. सहाही माझ्याच अक्षरात.