राबासारखी गप्प

अंबरनाथच्या आमच्या सोसायटीत कुणी वाळका पाला पेटवला की त्या वासाने मला बारवी धरणाकडचा एक पाडा आठवतो. तेव्हा मी बदलापूरजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. उपमा अलंकार शिकवून झाल्यावर मी वर्गाला आजीवर एक वाक्य लिहायला सांगितलं. सगळ्यांच्या आज्या सायीसारख्या मऊ निघाल्या. एका मुलीने मात्र लिहिलं, ‘बाबा गेल्यापासून आजी राबासारखी गप्प आहे.’ राब म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. अर्थ लागत नाही म्हणून मी सरळ लाल फुली मारली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना, तेव्हा शनिवारी मी तिचा पाडा गाठला. ती आजीबरोबर शेतात होती. भाताची रोपं टाकण्याआधी शेण, फांद्या, पाला पसरून तेवढी जमीन भाजतात, तो राब. त्यांचा सकाळीच भाजून झाला होता. आता ना जाळ ना धूर, नुसती करडी राख. आजी बांधावर पाठमोरी बसली होती. "बाई, हात लावून बघा ना," मुलगी म्हणाली. मी बोटं टेकवली आणि झटकन मागे घेतली. "वरून इझलाय," ती हळूच म्हणाली, "आत हाय अजून." मी आजीच्या पाठीकडे पाहिलं. इतकी वर्षं शिकवत आलेली उपमा पहिल्यांदा माझ्या हाताला लागली होती. तिला घरून वही आणायला सांगून मी तिथेच ती फुली खोडली. आता उपमेच्या तासाला मी चंद्र-कमळ सांगत नाही. मुलांना एवढंच विचारते, तुम्हाला चटका कशाचा बसलाय?