लाळेऱ्याचा वास

सात लाळेरी धुवायची होती. चार पिळून बांबूच्या दांडीवर टाकली आणि पाचवं पिशवीतून काढलं, तर नाकाशी तांदळाच्या दारूचा वास आला. साबण खाली ठेवून मी पुन्हा हुंगलं. तीच. प्रत्येक घरी चुलीमागे जी लाल कागदाची बाटली असते, तिच्यातली. माझी नात शिनशिन अकरा महिन्यांची. तिच्या लाळेऱ्याला दारूचा वास कशाने येईल?

शिनशिन सकाळी आठपासून साडेपाचपर्यंत बीयूनच्या पाळणाघरात असते. सून याजू चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, मुलगा बंदरावर कामाला, आणि गेल्या वर्षी कंबरेची शस्त्रक्रिया झाल्यापासून मला पोर उचलवत नाही. म्हणून बीयून. आमच्याच गल्लीत, तिसरं दार.

ही बाई मला पहिल्यापासून उमगली नाही. किनाऱ्याकडच्या मिठागरातली. चौदाव्या वर्षी छत्र्यांच्या कारखान्यात शिवायला बसली. कारखाना दुसऱ्या देशात हलला तेव्हा ती छत्तिशीची होती. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणते, "सवड झाली नाही." मग परीक्षा देऊन पाळणाघराचा परवाना काढला, त्याला बावीस वर्षं झाली. एका वेळी तीनच मुलं घेते. घरातली वस्तू फेकत नाही. दुधाच्या डब्यात मूठभर तांदूळ घालून तोंड चिकटपट्टीने बंद केलं की खुळखुळा. कागदाच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बांधल्या की दुर्बीण. मुलांनी काहीही करून दाखवलं तरी तोंडातून 'छान' निघत नाही. "हं, पुढचं," म्हणते, आणि मुलं मुकाट्याने पुढचं करायला बसतात. चारच्या आधी मात्र कुणाला घरात घेत नाही. कडी आतून.

संध्याकाळी याजू आली तेव्हा ते लाळेरं तिच्या हातात दिलं.

"आई, हात पुसायचं औषध असेल. त्यांच्याकडे जागोजागी ठेवलेलं असतं."

"औषधाला असा गोडसर वास येतो?"

तिने आणखी एकदा हुंगलं. मग हळूच म्हणाली, "बीयूनमावशींचं पाळणाघर सुटलं तर मला दुकान सोडावं लागेल. तुमची खात्री असेल तरच बोला."

खात्री वहीतून मिळते. मी रोज जेवणानंतर वही लिहिते. देवाला काय वाहिलं, काय शिजलं, आणि बीयून रोज जी चिठ्ठी पाठवते तिच्यातलं सगळं. दूध दोनदा, शी एकदा, झोप दीड तास. पानं मागे उलटली. रोज दीड तास, फार तर पावणेदोन. पण पंधरा दिवस आधी तीन तास. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात एकदा तीन तास दहा मिनिटं. आणि त्या दिवशी सव्वातीन. तारखा ताडून पाहिल्या. चांद्र महिन्याची पहिली, पंधरावी, आणि पुन्हा पहिली. या दोन तिथींना मी सकाळपासून समुद्रदेवी मात्सूआईच्या देवळात असते, फळं मांडते, फुलं निवडते, एकच्या आत घरी येत नाही. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे शिनशिनची आमा, तिची आजी, घरी नाही हे बघून ही बाई पोरीला दारू पाजते आणि निजवते. हे वहीत लिहून 'पाजते' या शब्दाखाली मी रेघ मारली.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी देवळात मुद्दाम गेले. लेलेची आजी तिथे कण्हेर निवडत बसली होती. लेले तीन वर्षांची, तीही बीयूनकडेच जाते.

"तुझी लेले तिकडून आली की पेंगुळलेली असते का गं?"

"पेंगुळलेली? पलंगाच्या स्प्रिंगा मोडायच्या तेवढ्या बाकी ठेवल्यात. का?"

"काही नाही. शिनशिनच्या लाळेऱ्याला दारूचा वास आला. मी काही म्हणत नाही हं."

"तू काही म्हणत नाहीस ना, तेव्हाच मी कान टवकारते," ती म्हणाली आणि परडी उचलून निघाली.

त्यानंतर तेरा दिवस मी रोज लाळेरी हुंगली. वास नाही. झोप दीड तास. तेवढ्याने माझा संशय उलट घट्टच झाला. आज पंधरावी. मी देवळात गेले नाही. घरच्या देव्हाऱ्यात उदबत्ती लावून सांगितलं, आई, आज येत नाही, कारण तुला माहीत आहे. अकरा वाजता डायपरचा गठ्ठा काखेत मारून बीयूनच्या दारात उभी राहिले. पडदे ओढलेले. फटीतून धूर येत होता.

"कोण?"

"शिनशिनची आमा."

"चारला या, ताई."

"डायपर आणलेत."

"भरपूर आहेत."

"बीयून, मला वास येतोय. दार उघड."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. बुटक्या टेबलाशी लेले आणि दोन वर्षांची तिंगतिंग बसल्या होत्या, कोपरापर्यंत लाल. कमळकाकडीच्या चकत्या रंगात बुडवायच्या आणि पातळ पिवळ्या कागदावर दाबायच्या, की भोकाभोकांचं फूल उमटतं. कागद बाह्या असल्यासारखे कापलेले होते.

"हे काय करता गं?"

"कपडे," लेले मान वर न करता म्हणाली. "पलंगातल्या बाईचे. तिला फुलं आवडतात. शिनशिन तिचं जेवण खाते."

"खात नाही, त्यात लाळेरं बुडवते," बीयून म्हणाली. "नीट सांग."

आतल्या खोलीत शिनशिन गाढ झोपली होती. पलंगाच्या कडेला स्टूल, त्यावर चिकट भाताची वाटी, तिळाच्या तेलात आणि दारूत शिजवलेली कोंबडी, वर तीन उदबत्त्या. पलंगआईचं ताट, पलंगात राहून पोरं राखणाऱ्या देवीचं. असंच ताट मी घरी दर पंधरवड्याला मांडते. मूल झोपेत हसलं की पलंगआई खेळवते आहे, हे मला कुणी शिकवायला नको. तरी मी आधी वाकून शिनशिनचं तोंड हुंगलं. दूध. बीयून दारात उभी होती.

"हुंगा. दुसरा गालही हुंगा."

"ताट मी घरी देते की," मी म्हटलं.

"घरच्या पलंगाला देता. दिवसा ही माझ्या पलंगावर निजते. या पलंगाच्या आईने काय फुकट राखायचं?"

चाळीस वर्षं मी एक तिथी चुकवली नाही, आणि दुपारचा पलंग माझ्या ध्यानातच आला नव्हता. पण तीन तास झोप? तेवढ्यात उदबत्त्यांकडे लक्ष गेलं. काडीपर्यंत जळल्या होत्या.

"बीयून, उदबत्ती तिसरा हिस्सा जळली की कागदाची वस्त्रं जाळून ताट उचलायचं. पलंगआईला बसवून ठेवलं तर मूलही उठत नाही, लोळत पडतं. तुझ्या आईने सांगितलं नाही?"

"सांगितलंय. पण रंग वाळल्याशिवाय कागद नीट जळत नाही. आणि या दोघी जाग्या असताना मी कागद पेटवत नाही."

"मग दुकानातून तयार वस्त्रं आण."

"आणली तर या दोघी सकाळभर काय करतील?"

"आणि कडी कशाला?"

"मागे एका आईने धुराची तक्रार केली. तपासणीला माणूस आला. तेव्हापासून." तिने एक ओला कागद उचलून दोरीवर चिमट्याने लावला. "आता कडी लावली काय, नाही लावली काय. लेलेला सोमवारपासून पाठवणार नाहीत. कारण सांगत नाहीत. तिंगतिंगची आई परवा विचारत होती, मी दारू पिते का. मी म्हटलं, मी नाही, पलंगआई पिते. तिला ते पटलेलं दिसलं नाही. शिनशिन एकटी राहिली तर तिच्या एकटीवर घर चालायचं नाही." मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या कानावर काही आलं का, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

तिने डोळे हलवले नाहीत. तिला ठाऊक आहे की नाही, हे मला अजूनही कळलेलं नाही. लेलेने मध्येच कागद पुढे केला. बीयूनने तो उलटसुलट पाहिला. "हं, पुढचं."

घरी येऊन हे लिहिते आहे. पंधरा दिवसांपूर्वीची 'पाजते' खालची रेघ खोडली, तर कागद फाटला. लाळेरी बादलीत भिजत घातली आहेत, ती तशीच राहू देत. आत्ता लेलेच्या आजीकडे जायचं आणि सांगायचं की वास कोंबडीचा होता आणि चूक माझी होती. तिथून तिंगतिंगच्या आईकडे.