घरटी एक बाई

माझे सासरे सरकारच्या विरोधात असतात, हे लग्न ठरतानाच सांगितलं होतं. माझ्या आईने विचारलं, "कुठल्या सरकारच्या?" मध्यस्थ म्हणाले, "जे असेल त्याच्या." आम्ही उल्हासनगर कॅम्प एकची माणसं. शेजार सगळा सिंधी, आणि दुकानाचं शटर वर-खाली करणं एवढंच आमच्या गल्लीचं राजकारण. मला वाटलं, बरंय, घरात करमणूक होईल. झाली ना, चांगलीच झाली!

सासर पालेगावात. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मधे आमचं गावठाण. आजेसासऱ्यांची भातशेती कारखान्याला गेली, तेव्हा घरातल्या एकाला कायमची नोकरी असा शब्द मिळाला होता. त्या शब्दावर आधी सासरे लागले, त्यांच्या जागी माझा नवरा. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला तो पडलाच. नवरा तरी रोज सकाळी दाढी करायचा. कुठे जायचं नसताना दाढी करणाऱ्या माणसाकडे बघवत नाही हो.

मग सरकारने योजना आणली. बंद कारखान्यांच्या भागातल्या बायकांसाठी शिवणकेंद्र, शाळेचे गणवेश शिवायचे, रोजावर काम. गावाच्या टोकाला समाजमंदिरात मशिनी आल्या. मी लग्नाआधी कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या युनिटला कडा शिवायची ओव्हरलॉक मशीन चालवायचे, म्हणून मला सगळ्यांची मुख्य केलं. लोक काम करतात पोटासाठी, मीही करत होते, पण खरं सांगते, मला तिथं जायला आवडायचं. मशीन सुरू झाली की डोक्यातलं सगळं गप्प व्हायचं. नवरा म्हणाला, "तू जा बिनधास्त, पोरीचा डबा मी बघतो." आणि बघायचा. गावातल्या बाया त्याला हसायच्या, त्याने कधी मनावर घेतलं नाही.

सासऱ्यांच्या मात्र डोळ्यांत ते केंद्र खुपायचं. जेवताना सुरू व्हायचे. "हे काम नाय, हे तोंडावर टाकलेलं बिस्कीट हाय. आज तुमी गणवेश शिवताव. उद्या कारखान्याचं नाव काढलं का बोलतील, दिलं ना तुमाला काम, आता गप बसा." मला राग यायचा तो ह्याचाच, की म्हातारा बरोबर बोलत होता. केंद्राचा करार हंगामापुरता, पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. ते चुकीचं बोलले असते तर मी तावातावाने भांडले असते. बरोबर माणसाशी भांडायचं कसं?

शेवटी गावकीची बैठक झाली आणि मोर्चा ठरला. केंद्र बंद करा, कारखाना उघडा. बायका पुढे, कारण बायकांवर पोलीस हात टाकत नाहीत. आणि नियम नेहमीचा, घरटी एक बाई. आमच्या गावात देवळाचं काम असो की कुणाच्या हळदीच्या भाकऱ्या, घरटी एक माणूस द्यावंच लागतं. नाही दिलं तर उद्या तुमच्या दारच्या हळदीला भावकी येत नाही. पोरी असलेलं कुठलं घर ही हिंमत करेल? आमच्या घरात तर बाई मी एकटीच, आणि वर पुढाऱ्याची सून. झेंडा माझ्याच हातात आला.

समाजमंदिराच्या गेटवर पोचल्यावर मी सहज मागे वळून पाहिलं आणि माझं डोकंच गरगरलं. बटणं लावणारी, काजं करणारी, इस्त्रीवाली, सगळं माझं केंद्र माझ्या पाठीमागे उभं! म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेले, बाळंतिणी घरात अडकलेल्या. घराबाहेर पडू शकणारी बाई प्रत्येक घरात एकच, आणि तीच केंद्रात यायची. बैठकीत एवढी डोकी बसली होती, पण हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. काजंवालीच्या गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती.

"अगं, मग आज आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोण असणार? आपण इथं हाय ना!"

आम्ही इतक्या हसलो की घोषणा द्यायच्या राहिल्या. मग सासऱ्यांनी मागून डोळे वटारले आणि आम्ही ओरडलो, "बंद करा, बंद करा!"

योजनेचे साहेब जीपमधून उतरले. तरुण, सज्जन माणूस. मला बघून थबकलेच. "ताई, तुम्ही? तुम्हाला केंद्र नको आहे?"

माझ्या तोंडात आलं होतं, हवंय, साहेब. कारखानाही हवाय आणि तो उघडेपर्यंत हेही हवंय, दोन्ही मागितलं तर कुणाचं काय जातं? पण मागे सासरे, बाजूला भावकी. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"कारखाना उघडा," मी म्हणाले. मग त्याही तेच म्हणाल्या.

साहेबांनी वाद घातला नाही. स्थानिक महिलांचाच विरोध आहे असं त्यांनी वर कळवलं, आणि ते खोटं तरी कसं म्हणणार? आठवड्याभरात टेम्पो आला. मशिनी बदलापूरला गेल्या, तिथल्या बाया वाटच बघत होत्या.

त्या संध्याकाळी सासरे ओटीवर खुशीत बसले होते. मी चहा ठेवला. "आता कारखान्याचा नंबर," ते म्हणाले, आणि माझा बांध फुटला. नवऱ्याने मला एकटीला सांगितलं होतं ते मी त्याचं नाव न घेता बोलून गेले. कारखान्याच्या मागच्या गेटाने मशिनी ट्रेलरवर चढवून नेल्या होत्या, त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आत नुसती शेड उरलीय. बापाला सांगायचं नाही म्हणून मला पोरीची शपथ घातली होती. "काय उघडणार आहात तुम्ही? पत्रे?"

मला वाटलं, म्हातारा कोसळणार. त्यांनी शांतपणे बशीत चहा ओतला.

"मना ठाव हाय गो. मी बी बघलंय."

"मग माझं केंद्र का घालवलंत?"

"जमीन आपली गेली. आता मागायचा पन सोरला त फुकटच दिली असा व्हईल." चहा संपवून ते माझ्याजवळ सरकले, आवाज खाली आणला. "पन तुज्या नवऱ्याला बोलू नुको. त्याला वाटतं, उघरंल. त्या आशंवर तो सकाली उठतं."

मला ओरडायचं होतं. तुम्ही दोघं एकमेकांना फुलासारखे जपताय, आणि तेवढ्यात माझी मशीन टेम्पोत चढली, तिचं काय? पण ओरडून कुणाला सांगू? एकाचं दुसऱ्याला सांगता येत नव्हतं. मी कपबशी उचलून आत गेले. नवरा तांदूळ निवडत बसला होता, पोरगी त्याच्या पाठीवर लोंबकळत होती.

"बाबा आज खूश दिसतात, नाही गं?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले, आणि कुकर लावला.