डिट्टोरावांचे टायर

कुकरची दुसरी शिट्टी झाकणाच्या कडेनंच फुसफुसत होती आणि डिट्टोराव अर्धी दाढी करून आरशासमोर उभे होते, तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे निवृत्त मास्तर.

"अहो, गाडीचे टायर बघितलेत का? आतल्या तारा दात विचकून हसतायत!"

कुकर कडेनं का फुसफुसत होता, हे सांगितलं की डिट्टोराव कोण ते वेगळं सांगायला नको. त्याची रिंग दुसऱ्याच कुकरची होती. न्हाणीघरातला नळ उलटा उघडे, पडदे खिडकीच्या गुडघ्यापर्यंतच पोचत. प्रत्येक वस्तू घरात आणताना त्यांचं वाक्य ठरलेलं, "डिट्टो तेच आहे गं, फक्त स्वस्त!" नाव बायकोनं ठेवलं, गल्लीनं उचललं.

टायरवाला म्हणाला, "तुमचं माप फार कमी गाड्यांना लागतं, म्हणून महाग. हे बोटभर उंच माप टॅक्सीवाले नेतात, म्हणून स्वस्त. बसेल, पण उद्या घासलं तर मला बोलायचं नाही."

डिट्टोरावांनी बायकोची शिवणाची टेप खिशातून काढली, गुडघे टेकून चाकाभोवतीची जागा मोजली. चारही टायर बसल्यावर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. हूं नाही की चूं नाही. छाती फुगवून ते घरी आले.

फक्त एक राहिलं होतं. गाडी तेव्हा रिकामी होती.

दर गुरुवारी ते आईला तिच्या बहिणीकडे नेत. आईचं घराबाहेर पडणं ते एवढंच. गुडघ्यांमुळे ती पुढे बसे, आणि अंगानं चांगली भरलेली. मावशीच्या गल्लीशी गाडी वळली मात्र, खालून आवाज आला, "खर्रर्र!"

"काय रे मोडलं?"

"काही नाही आई, नवीन टायर आहेत. रुळतील."

मागून बायको म्हणाली, "हो ना, डिट्टो आपल्या नळासारखे."

टायर काही रुळले नाहीत. पुढच्या गुरुवारी आईनं जडशी पर्स घरी ठेवली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाण्याची बाटलीही. आणि एकदा तर वळणाच्या अलीकडेच तिनं दार उघडलं.

"थांब, मी उतरते. तू वळवून घे, मी येते हळूहळू."

गल्लीतले लोक बघत राहिले. रिकामी गाडी आवाज न करता वळली आणि मागून आई भिंतीला धरत धरत आली. डिट्टोरावांचे कान तापले, पण तोंडातून निघालं ते, "गाडी उंच झालीय बघ, आता खड्डे लागत नाहीत."

मग एका बुधवारी जेवताना आईनं ताट अर्ध्यावर सारलं. "उद्या नको नेऊस रे. फोनवरच बोलीन तिच्याशी. माझं ओझं झेपत नाही तुझ्या गाडीला. कशी कण्हते बिचारी!"

बायकोनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. टोमणा मारला नाही. टोमणा परवडला असता, असं डिट्टोरावांना वाटलं.

सकाळी त्यांनी "जरा चक्कर मारू" म्हणून आईला गाडीत बसवलं आणि गाडी थेट टायरच्या दुकानापुढे उभी केली.

टायरवाल्यानं ओळखलं. "घासतंय ना? अजून एक माप आलंय, याच्याहूनही स्वस्त. डिट्टो…"

डिट्टोरावांचा हात सवयीनं टेपकडे गेला. खिशातच थांबला. काचेआड आई पाय आखडून, अंग चोरून बसली होती, जणू तेवढ्यानं वजन कमी होणार होतं.

"नको," ते म्हणाले. "कंपनीनं दिलंय तेच माप लावा. आणि शेवटी चाक वळवून बघाल, तेव्हा आईला पुढच्या सीटवर बसू द्या."