मीटिंगमध्ये दिसलेला आईचा हात

"अगं, म्यूट कर ना! मच्छीबाजार आहे का हा?"

साहेब म्हणाले आणि पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांत दात दिसले. आवाज माझ्या आईचा होता. मनोरीच्या आमच्या अंगणात ती बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकत शेजारच्या मावशीशी बोलत होती. जन्मभर बाजारात ओरडून मासळी विकलेली बाई. तिची कुजबुजही जेटीपर्यंत जाते. त्याच आवाजावर माझं कॉलेज झालं.

अंधेरीचं ऑफिस घरी आलं तेव्हा आम्ही खूश होतो. मार्व्याची बोट पकडायची धावपळ संपली. साहेब म्हणाले होते, "आता घर हेच ऑफिस. आपण सगळे एक कुटुंब." त्या कुटुंबात कुणाला आई असणं अपेक्षित नव्हतं, एवढंच.

त्या मच्छीबाजाराच्या टोमण्यानंतर साहेबांनी मला एक चित्र पाठवलं. कॅमेऱ्यात माझ्यामागे लावायला. समुद्रकिनारा, नारळाची झाडं. स्वच्छ, बिनवासाचा समुद्र. "क्लायंटसमोर बरं दिसतं." खऱ्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर बसून मी समुद्राचं चित्र लावलं. हसूही आलं नाही.

आईने ते मच्छीबाजाराचं वाक्य ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझी मीटिंग सुरू झाली की ती बांगड्या कोपरापर्यंत सारायची आणि मागच्या दाराने बाहेर जायची. मावशीशी खुणांनी बोलायची. मग खिडकीतून हळूच, "झाली का गो तुझी मिटिंग? येव का आत?"

स्वतःच्या घरात. येऊ का.

एकदा क्लायंट बराच वेळ बोलत राहिला. आईला वाटलं असेल, पोरीचा घसा सुकला. ती पाय न वाजवता चहा घेऊन आली. त्या चित्राने तिला गिळलं. चेहरा नाही, पदर नाही. समुद्रासमोर फक्त एक हात, हिरव्या बांगड्या आणि कप.

"अरे, भूत!" कुणीतरी म्हणालं. हशा. साहेब हसत म्हणाले, "काढ यार ते मध्येच आलेलं."

आईने हात झटकन मागे घेतला. कडकडीत चहा मनगटावर सांडला. ती ओरडली नाही. पदर तोंडात कोंबून उभी राहिली.

मी चित्र बंद केलं.

"साहेब, ही माझी आई. हे तिचं घर आहे. पाहुणे तुम्ही आहात."

"पर्सनली घेऊ नकोस ना," साहेब म्हणाले. मी उठून तिच्या हातावर पाणी ओतलं. कॅमेरा चालूच ठेवला.

मनगटाचा फोड बरा झाला. आवाज नाही आला परत. मी कितीही सांगितलं तरी लॅपटॉप उघडला की ती अजून गप्प होते.

ते चित्र मी पुन्हा लावलं नाही. लावणारही नाही. टेबल फिरवून घेतलंय. माझ्यामागे आता अंगणाचं दार असतं, दारात बोंबील आणि आई. साहेबांना नको असेल तर त्यांनी मला काढावं. मीटिंगसाठी तिला या घरातून मी पुन्हा बाहेर जाऊ देणार नाही.